उलटी झाली की आधी घड्याळ बघा

बोटीवर कुणाला उलटी झाली की त्याला बोट लागली, हे निदान करायला डॉक्टर लागत नाही. शेजारच्या केबिनमधले, लिफ्टमध्ये भेटलेले, जेवणाच्या रांगेत पुढे उभे असलेले, जो तो ते करून मोकळा होतो. आलं चघळा, लिंबू हुंगा, डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बसा. माझ्या बाबांचंही निदान रात्री असंच झालं आणि सकाळ होईपर्यंत कुणी त्यावर शंका घेतली नाही. प्रकरण थोडक्यात निभावलं. मात्र बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी त्या सकाळी जे तीन-चार प्रश्न विचारले, ते मला आधी ठाऊक असते तर बाबांना सलाईन लावायची वेळ आली नसती. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं आपल्या माणसांपर्यंत पोचावीत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही राहतो त्या क्वेकर्स हिलमध्ये, म्हणजे सिडनीच्या पश्चिमेला ब्लॅकटाउन महापालिकेच्या हद्दीत, मराठी कानावर पडल्याशिवाय शनिवार-रविवार जात नाही. आजूबाजूला शोफील्ड्स, मरायाँग, द पाँड्स. सगळीकडे आपली घरं आहेत आणि उन्हाळ्यात घरोघरी भारतातून आलेले आईवडील. ऑपेरा हाउस झालं, ब्लू माउंटन्स झालं, आता त्यांना दाखवायचं काय? मग क्रूझ ठरते. ज्येष्ठांसाठी ती खरंच सोयीची असते. सर्क्युलर कीला बोटीत चढायचं, बॅग एकदाच उघडायची, चालण्याची दगदग नाही आणि जेवणखाण तिकिटातच. आमच्या ओळखीच्या चार कुटुंबांनी मिळून न्यू कॅलेडोनियाची क्रूझ घेतली, तीही याच हिशोबाने. माझे आईबाबा मिरजेहून आले होते. बाबा सत्तरी ओलांडलेले, रक्तदाब आणि साखर, दोन्हींच्या गोळ्या चालू.

सिडनी सोडल्यावर नुमेआ येईपर्यंत नुसता समुद्र. बुफेत पदार्थांना तोटा नव्हता, पण पास्ता आणि पाव खाऊन आमची ज्येष्ठ मंडळी कंटाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपमधल्या एकीला सुचलं की रात्री आपण आपला दहीभात करू. बुफेतला पांढरा भात दोन मोठ्या डब्यांत भरून केबिनमध्ये आणला गेला. डबे झाकण लावून टेबलावर राहिले. संध्याकाळी बुफेतलंच दही आणलं, कालवलं, मीठ आणि चिमूटभर साखर घातली, सोबत पॅकबंद लोणचं. साडेआठच्या सुमारास एका केबिनमध्ये दहा-बारा जण दाटीवाटीने बसून जेवले. भाताला वास नव्हता, तार सुटलेली नव्हती. आई म्हणाली, "आता कुठं जेवल्यासारखं वाटलं."

मध्यरात्रीच्या आधीच बाबांना मळमळायला लागलं आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. बोट त्या रात्री चांगलीच हलत होती. त्यामुळे दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. बोट लागण्याची गोळी दिली, तीही पडली. पहाटेपर्यंत कळलं की आमच्यातल्या सहा-सात जणांची हीच गत आहे. पोटात कळा, उलट्या, दोघांना जुलाबही. माझा धाकटा मुलगा आणि ग्रुपमधली दोन कॉलेजची पोरं मात्र ठणठणीत होती. त्यांनी रात्री पिझ्झा खाल्ला होता.

सकाळी कॉरिडॉरमध्ये खलबत सुरू झालं. पहिला संशय अर्थातच बोटीच्या स्वयंपाकघरावर. कुणी तक्रारीचा मसुदा तयार करायला घेतला, कुणी नुकसानभरपाईचा विषय काढला. त्याच दमात असंही ठरत होतं की मेडिकल सेंटरला इतक्यात सांगायचं नाही. सांगितलं तर केबिनमध्ये कोंडतील, नुमेआ हातचं जाईल, शिवाय बिल लावतील ते वेगळंच. विचारलंच तर बोट लागली म्हणायचं. तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "अगं, यांनी रात्रीपासून लघवी केलेली नाही. आणि उठून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात." मग मी कुणाचं ऐकायला थांबले नाही. केबिनच्या फोनवरून मेडिकल सेंटरला कळवलं. हातमोजे आणि मास्क घातलेली नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंचे प्रश्न साधे होते. पहिली उलटी किती वाजता झाली? त्याआधी काय खाल्लं, किती वाजता? तेच आणखी कुणी खाल्लं, त्यांना काही झालं का? ते अन्न खाण्याआधी किती वेळ बाहेर होतं? मी बुफेतल्या पदार्थांची यादी सांगत होते. भाताशी आले आणि अडखळले, कारण डबा भरून देणारी बाई बाहेरच उभी होती. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "भाताचं सांग की. डॉक्टर आणि वकील, यांच्यापाशी काही लपवायचं नसतं." मग दुपारचा एक ते रात्रीचे साडेआठ, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण वेळ भाताशीच जुळते. बाबांना सलाईन लावली, रक्तदाबाची गोळी त्या दिवसापुरती थांबवली, साखर तपासत राहिले. संध्याकाळी त्यांना लघवी झाली आणि आमच्या जिवात जीव आला. नुमेआचं बंदर आम्ही केबिनच्या खिडकीतून पाहिलं.

आता त्या प्रश्नांकडे वळू. त्यांतले बहुतेक वेळेबद्दलचे आहेत, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

अन्न किती वेळ बाहेर होतं?

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मातीतून येतात, सगळीकडे असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, पण हे बीजाणू तग धरतात. शिजलेला भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. गैरसोयीची गोष्ट ही, की उलटी करवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. भात पुन्हा गरम केला, फोडणीला टाकला, मायक्रोवेव्हमधून वाफाळता काढला, तरी ते जात नाही. दह्याच्या आंबटपणामुळे जिवाणूंची वाढ मंदावते खरी, पण आमच्या डब्यात दही पडलं ते संध्याकाळी. जे व्हायचं ते दुपारभर होऊन गेलेलं होतं. आणि या विषाला ना वास असतो ना चव. हुंगून बघून अन्न चांगलं ठरवायची आपली पद्धत इथे उपयोगाची नाही.

ऑस्ट्रेलियात अन्नाचा व्यवसाय करणाऱ्या सगळ्यांना एक नियम पाळावा लागतो. तो घरातही भिंतीवर लावण्यासारखा आहे. नासणारं अन्न एक तर ५ अंशांच्या खाली थंड ठेवायचं, नाही तर ६० अंशांच्या वर गरम. मधल्या तापमानात ते एकूण दोन तासांपेक्षा कमी राहिलं असेल तर खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन संपवा, परत फ्रिजमध्ये ठेवू नका. चार तासांच्या वर गेलं तर टाकून द्या. हे तास तुकड्यातुकड्याने मोजले तरी बेरजेत धरायचे. म्हणजे टेबलावर एक तास, गाडीच्या डिकीत दीड तास, मग पंगतीत एक, असे साडेतीन झाले.

बोटीवर हा नियम स्वयंपाकघर पाळतं. बुफेतला भात तापत्या तव्यावर असतो आणि ठरावीक वेळेनंतर उरलेलं फेकलं जातं. तो डब्यात भरून केबिनमध्ये नेला की ही सगळी शिस्त दारातच संपते. केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका. शीतपेय गार करण्यापुरता तो ठीक असतो, अन्न ५ अंशांच्या खाली ठेवेलच याची हमी नसते. घरचं शिजवलेलं अन्न बोटीवर आणायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. पॅकबंद कोरडा खाऊ चालतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. बुफेतली फळं आणि सँडविच खिशात घालून बेटावर उतरू नका, तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. सिडनीत उतरतानाही तेच. ज्येष्ठांना आपलं जेवण हवं असेल तर पहिल्याच दिवशी मुख्य डायनिंग हॉलच्या प्रमुखाला सांगा. साधा भात, वरण, दही अशी सोय बऱ्याच बोटींवर आदल्या दिवशी सांगितलं तर होते, आणि ती ताजी होते.

बुफेत घेताना वाफ निघणारं घ्या, कोमट नको. नुकतंच भरलेलं भांडं दिसलं तर त्यातलं घ्या. बेटावर उतरल्यावर कच्चे कालव, उघड्यावरची कापलेली फळं आणि कुठल्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसलेला बर्फ टाळा. आमच्या कोकणी मित्रांसाठी एक खास सूचना. पॅसिफिकमधल्या प्रवाळांवर राहणाऱ्या काही मोठ्या माशांच्या अंगात सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. मासा कितीही ताजा असो, कितीही शिजवा, ते जात नाही. तिथला मोठा बॅराकुडा किंवा ग्रूपर नाकारला तर काही बिघडत नाही.

त्रास किती वेळाने सुरू झाला?

पोट बिघडलं की आपण शेवटच्या घासाला दोष देतो. तो घास निर्दोष असण्याचीच शक्यता बरेचदा जास्त असते. खाल्ल्यापासून तासाभरात ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. भातातला बॅसिलस किंवा हाताळणीतून आलेला स्टॅफिलोकॉकस. मोठ्या पातेल्यात करून हळूहळू निवत ठेवलेल्या मटणाच्या रश्शाने बिघडलं तर साधारण सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब येतात. साल्मोनेला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही. कॅम्पायलोबॅक्टर बहुधा दोन ते पाच दिवसांनी. बोटींच्या बाबतीत ज्याचं नाव सारखं ऐकू येतं तो नोरोव्हायरस बारा ते अठ्ठेचाळीस तास घेतो.

काही तर आठवडे घेतात. १९९७ मध्ये याच न्यू साउथ वेल्समधल्या वॉलिस लेकच्या कालवांतून चारशेहून अधिक लोकांना हिपॅटायटिस ए झाला. ही कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. तोवर कालव खाल्ल्याचं कुणाच्या लक्षात राहणार? २०१८ मध्ये खरबुजांतून लिस्टेरिया पसरून ऑस्ट्रेलियात सात जण दगावले. तो जंतूही कित्येकदा दोन महिन्यांनी डोकं वर काढतो, आणि गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना सर्वाधिक धोका त्याचाच.

म्हणून प्रवासात त्रास सुरू झाला की फोनमध्ये चार ओळी टिपून ठेवा. पहिली उलटी किंवा जुलाब किती वाजता, मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्लं, बरोबर कोण होतं, त्यांच्यापैकी कोण आजारी आणि कोण ठणठणीत. शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा. आमच्यात पिझ्झा खाणारी तीन पोरं बरी होती, यावरूनच संशय भातावर गेला आणि बोटीच्या स्वयंपाकघराची सुटका झाली.

आणि बोट लागल्याचं काय? बोट लागते तेव्हा डोकं गरगरतं, घाम फुटतो, पडून राहिलं, डोळे मिटले, समुद्र शांत झाला की उतार पडतो. त्यात ताप नसतो, जुलाब नसतात, पोटात मुरडा नसतो. एका जेवणाला बसलेल्या सहा जणांना एका रात्रीत बोट लागते, हे तर मानूच नये.

सांगायला किती वेळ लावला?

उलटी-जुलाबाचा रुग्ण आला की बोटीवरची माणसं तो नोरोव्हायरसच आहे असं धरून चालतात. त्यांचं बरोबर आहे. वरून बघून बॅसिलस आणि नोरो ओळखता येत नाहीत आणि नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. कठड्याला हात, तोच हात पावाला, एवढं पुरतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचा बोटींच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवणारा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे. बोटीवरच्या तीन टक्के प्रवाशांना वा कर्मचाऱ्यांना त्रास झाला की ती साथ जाहीर केली जाते. बोटींचं नाव एवढं बदनाम होतं ते अशा मोजणीमुळेही. प्रत्यक्षात नोरोव्हायरसच्या बहुतेक साथी जमिनीवरच येतात, वृद्धाश्रमांत, पाळणाघरांत, शाळांत. या विषाणूची पहिली ओळखही पटली ती अमेरिकेतल्या नॉरवॉक गावातल्या शाळेत १९६८ मध्ये आलेल्या साथीतून.

तेव्हा केबिनमध्ये थांबायला सांगतात ती शिक्षा नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाला पहाटे उलटी झाली होती आणि नाश्त्यानंतर तो मुलांच्या क्लबात खेळायला गेलेला होता. त्याला खरंच नोरो असता तर पन्नास घरची मुलं त्या खोलीत होती. लपवण्याने नुमेआ एखाद्या वेळी वाचेल. पुढच्या केबिनमधली एखादी केमोथेरपी घेतलेली आजी मात्र वाचेलच असं नाही.

हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, निदान वीस सेकंद. जेवणाच्या दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरचा नोरोव्हायरसवर फारसा परिणाम होत नाही. तो लावून साबण टाळू नका. केबिनमध्ये उलटी झाली तर टॉवेलने पुसत बसू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. ते क्लोरीनचं द्रावण वापरतात.

पाणी, आणि गोळ्यांचा मोह

उलटी-जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्याही खाली आला. हीच जलसंजीवनी. भारतातून येताना इलेक्ट्रालची पाकिटं आणा किंवा इथल्या केमिस्टकडून हायड्रालाइट घ्या आणि केबिनच्या बॅगेत वरच ठेवा. काहीच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चमच्याचंच धरा, अंदाजाने मीठ वाढवू नका. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या. ग्लासभर एकदम दिलं तर ते परत येणारच. कोल्ड्रिंक आणि डब्यातले रस यांत साखर फार असते, त्यांनी जुलाब वाढू शकतात.

आपल्याकडच्या पाहुण्यांच्या पिशवीत हमखास दोन पट्ट्या असतात, एक जुलाब बंद करणारी आणि एक अँटिबायोटिकची. दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब कोंडणारी गोळी अपाय करू शकते. लहान मुलांना ती देऊच नये. आणि अन्नातलं विष असो वा विषाणू, अँटिबायोटिकचा त्यावर काहीच उपयोग नाही.

ज्येष्ठांच्या रोजच्या गोळ्यांचं वेगळंच आहे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, काही इतर रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन, अंगातलं पाणी कमी झालं असताना या चालू ठेवल्या तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मनाने बंद करू नका, पण पहिल्या दोन-तीन उलट्यांनंतरच डॉक्टरांना विचारा. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर घेतलेलं उत्तम. औषधांची नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहून आईबाबांच्या पाकिटात ठेवा.

आठ तासांत लघवी न होणं किंवा ती गडद होणं, उभं राहिल्यावर चक्कर, बोलण्यात गोंधळ, शौचात रक्त, जोराचा ताप, घोटभर पाणीही न टिकणं, यांतलं एकही दिसलं तर थांबायचं नाही. तान्ही मुलं, गर्भवती आणि सत्तरीपुढची माणसं यांच्या बाबतीत तर एवढ्याचीही वाट पाहू नये.

विमा

बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो. तपासणी, सलाईन, औषधं, सगळं केबिनच्या खात्यावर चढतं. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे पाहुण्या आईवडिलांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, जमिनीवरही नाही. आणि आपल्याकडे मेडिकेअर कार्ड असलं तरी समुद्रात त्यावर विसंबून चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच किनाऱ्याने फिरणाऱ्या बोटीवरही नाही. प्रवासविमा घेताना त्यात क्रूझ वेगळी जोडावी लागते का ते पाहा, पुष्कळ पॉलिसींत लागते. ज्येष्ठांचा रक्तदाब आणि मधुमेह आधीच जाहीर करा, नाही तर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो. विमा कंपनीचा आणीबाणीचा नंबर फोनमध्येच नव्हे, कागदावरही ठेवा. बिल, डॉक्टरांचा लेखी शेरा आणि औषधांची यादी उतरण्यापूर्वी हातात घ्या. बोट सुटल्यावर ही कागदपत्रं मिळवताना नाकी नऊ येतात.

घरी परतल्यावर

जुलाब चालूच असतील तर जीपीकडे जा आणि क्रूझवरून आल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे ते शौचाचा नमुना तपासायला पाठवतील. इथे अगदी मध्यरात्रीचा प्रश्न असो, हेल्थडायरेक्टच्या १८०० ०२२ २२२ या नंबरवर परिचारिका कधीही बोलते, आणि जीव धोक्यात असेल तर ०००. एखाद्या हॉटेलचं किंवा केटररचं अन्न खाऊन त्रास झाल्याचा संशय असेल तर न्यू साउथ वेल्स फूड ऑथॉरिटीकडे १३०० ५५२ ४०६ वर कळवा. त्रास थांबल्यापासून ४८ तास मुलांना शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नका आणि स्वतः दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नका. क्रूझवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचा डबा करायला घेतला तर बोटीवरची साथ आपणच वाटली असं होईल.

हे सगळं बोटीपुरतं नाही, असं मला आता वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. तिथे ना समुद्र होता ना बुफे. आणि आपलं पश्चिम सिडनी काही थंड हवेचं ठिकाण नाही. ४ जानेवारी २०२० ला इथून जवळच्या पेनरिथमध्ये पारा ४८.९ अंशांवर गेला होता. अशा भागात आपण सकाळी सातला मसालेभाताची पातेली उतरवतो, दहाला डिकीत घालून हॉलवर नेतो, आरती लांबते आणि पंगत दीडला बसते. साडेसहा तास झालेले असतात. उरलेला भात पुन्हा डब्यांत भरून घरोघरी जातो, ते आणखी वेगळं.

पूजेला, बारशाला, गणपतीला स्वयंपाक करणाऱ्या क्वेकर्स हिलच्या आणि इतर गावच्या माझ्या मैत्रिणींना म्हणून एवढीच विनंती. भात शेवटी लावा, पंगतीच्या तासभर आधी. उरलेला लगेच उथळ ताटांत पसरून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पातेल्यावर चिठ्ठी चिकटवून त्यावर भात उतरवल्याची वेळ लिहा. चार तास उलटले असतील तर कितीही जिवावर आलं तरी टाकून द्या. टाकलेल्या भाताची हळहळ दुसऱ्या दिवशी विसरते. आणि कुणाला त्रास झालाच, तर कुणाच्या हातचं खाल्लं हे सांगायला लाजू नका. वेळेवर सांगितलं तर बहुतेकांना मीठ-साखरेच्या पाण्यावर बरं वाटतं.